मड्डमच्या डब्यातली हत्यारं

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सात रस्त्याजवळ, सोलापूर
१९ जानेवारी १९७५

चि. चंद्रव्वास वीरभद्रप्पाचे आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण नवीन लिहिण्यासारखं काही नव्हतं. तुझ्या अक्काच्या अंगावरून वारं गेलं त्याला दोन महिने होऊन गेले. उजवा हात तसाच, पाय तसाच, वाचा बंद. डॉक्टर म्हणतात, येईल तर येईल, नाही तर नाही. होटगीच्या रेल्वे केबिनमध्ये असताना गाडीबद्दल मी असलं उत्तर दिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवलं असतं.

आज लिहितोय ते मात्र मांजरीसाठी. हसू नकोस.

होटगीला आमच्या शेजारच्या बंगल्यातला साहेब बदलीवर गेला तेव्हा आपली लांब केसांची मांजर मागं टाकून गेला. तुझ्या अक्कानं ती घरात घेतली आणि तिचं नाव मड्डम ठेवलं. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून मी काही बोललो नाही. रिटायर होऊन सोलापुरात या दोन खोल्यांत आलो तेव्हा मड्डमही टोपलीतून आली. सहा वर्षांत मी तिला हात लावल्याचं मला आठवत नाही.

आता परिस्थिती अशी आहे. तुझी अक्का गौरम्मा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असते. मी हाक मारली तरी वळत नाही. शेजारच्या सोनाबाई तिला अंघोळ घालायला येतात, त्यांनाही दाद देत नाही. मड्डम खाटेवर चढली की मात्र तोंड फिरवते आणि डावा हात पुढं करते. दिवसभरात तिची हालचाल काय ती एवढीच.

पण अक्का पडल्यापासून मड्डमचे केस कुणी विंचरले नाहीत. पोटाखाली आणि काखेत घोंगड्यासारखा थर झालाय. वास येतो. परवा डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, पेशंटच्या पाठीला जखमा व्हायला लागल्यात, असलं जनावर खाटेवर चालणार नाही. महिन्याभरात स्वच्छ करा, नाही तर बाहेर काढा. सोनाबाई म्हणाल्या, "पोत्यात घाला आन् कुंभारीला सोडून या की. मानसाचं बगायचं का मांजराचं?"

मड्डम गेली तर गौरम्मा पुन्हा कधी इकडं तोंड फिरवणार नाही. हे डॉक्टरांना सांगून कळत नाही.

गौरम्मालाच विचारलं, तू कशानं विंचरायचीस? तिनं माझ्याकडं बघितलं, तोंड उघडलं, आवाज फुटला नाही आणि डोळे भरून आले. मी पुन्हा विचारणार नाही. गड्ड्याच्या जत्रेतून उवांची फणी आणली, टांगेवाले घोड्याला करतात तो लोखंडी खरारा आणला आणि दुकानातून फिनेलची बाटली. खरारा दाखवल्यावर मड्डम कपाटावर जाऊन बसली ती संध्याकाळपर्यंत.

अक्का तुला दर महिन्याला लिहायची. त्यात मांजरीचं असणारच. कोणती हत्यारं लागतात आणि कोणतं आधी चालवायचं ते सविस्तर कळव.

वीरभद्रप्पा


मिरज
२७ जानेवारी १९७५

तीर्थरूप दाजींना, शरणु शरणार्थी.

आधी तो खरारा टांगेवाल्याला देऊन टाका आणि फिनेल मोरीत ओता. दाजी, मांजर स्वतःला चाटते. तुम्ही तिच्या अंगाला जे लावाल ते तिच्या पोटात जाईल. फिनेल लावलंत तर ती स्वच्छ होऊन मरेल.

तुमचं पत्र वर्गात वाचलं आणि मुलींना पाढे म्हणायला लावून खिडकीशी जाऊन उभी राहिले. हसले नाही. काल रविवार होता. अक्काची सगळी पत्रं ट्रंकेत आहेत, ती काढून बसले. एवढी पत्रं एका बैठकीत वाचायची नसतात हे मला आता कळलं. तुमच्या कामाचं तेवढं लिहिते.

ती पहिल्यांदा नखं काढायची. नेलकटरनं, फक्त टोकं. नखात गुलाबी शीर दिसते, तिथपर्यंत जायचं नाही. त्या वेळी मड्डमला जुन्या टॉवेलात गुंडाळायची, डोकं आणि एक पाय तेवढा बाहेर. सोलापुरात टॉवेलाला काही तोटा नाही.

मग कंगवा. उवांची फणी नव्हे. ती हनुवटीखाली पिसवा बघायला, तेवढीच. कंगवा जाड, लांब लांब दातांचा, शिंगाचा. तो निवडला कसा तेही तिनं लिहिलंय: "दुकानात सात कंगवे माझ्या गालावर घासून बघितले. दुकानदाराला वाटलं बाई खुळी आहे. माझ्या गालाला टोचला तर तिच्या पोटाला टोचणारच की." गुठळी आली की ओढायचं नाही. गुठळीचं मूळ दोन बोटांत धरायचं म्हणजे कातडी ताणत नाही, आणि टोकाकडून थोडं थोडं सोडवत मुळाकडं यायचं. सुटलीच नाही तर कात्री, पण कातडी आणि गुठळी यांच्यामध्ये कंगवा घालून, कंगव्याच्या वरच्या बाजूनं. कात्री लहान आणि बोथट टोकाची. पाणी नाही. तेलकट झाली तर डाळीचं पीठ चोळून झटकायचं. शेवटी मऊ ब्रश.

त्या ब्रशाबद्दल एकोणसत्तर सालच्या पत्रात आहे. "ह्यांचा कोटाचा ब्रश मी मड्डमला घेतला. इन्स्पेक्शनच्या दिवशी ह्यांनी सगळं घर उलथंपालथं केलं, केबिनमधल्या निंगप्पावर आळ घेतला. मी चुलीपुढं बसून भाकरी थापत राहिले." दाजी, चोरी सापडली. आता निंगप्पाची माफी मागा, असेल तिथं.

हे सगळं एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असायचं, साबुदाण्याच्या बरणीमागं. बघा, असेल.

आणखी एक उतारा लिहिल्याशिवाय राहवत नाही. "मी ह्यांना रोज मेल्लग, मेल्लग म्हणते. दार मेल्लग लावा, तांब्या मेल्लग ठेवा. तीस वर्षं सिग्नलचे लिव्हर ओढलेल्या हाताला हळू कसं माहीत असणार? ते हां म्हणतात आणि पुन्हा आपटतात."

म्हणून सांगते. या कामाला जोर लागत नाही.

आपली चंद्रव्वा


सोलापूर
९ फेब्रुवारी १९७५

चि. चंद्रव्वास आशीर्वाद.

पत्र मिळालं. डबा सापडला. मांजरीचे केस काढून टाकले, काम उरकलं. डॉक्टरांची आता काही तक्रार नाही. गौरम्माची प्रकृती आहे तशीच आहे, खाणं जरा कमी आहे. काळजी नसावी.

वीरभद्रप्पा


मिरज
१४ फेब्रुवारी १९७५

दाजींना, शरणु शरणार्थी.

खराऱ्यावर तुम्ही अर्धं पान लिहिलंत, आणि काम उरकलं ते दोन ओळींत. मी सतरा वर्षं मुलांचे निबंध तपासतेय. जिथं काही झाकायचं असतं तिथं निबंध आखूड होतो.

केस काढले म्हणजे काय केलं? कुणी काढले? मड्डम अक्काच्या खाटेवर चढते की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला तेवढंच हवं होतं.

मागच्या वेळी मीही एक गोष्ट लिहिली नव्हती. तुम्ही दुःखात आहात म्हणून दडवली. आता लिहिते. एकाहत्तर साली, आषाढात, तुम्ही ड्यूटीवरून आलात आणि अक्का मड्डमला विंचरत बसली होती. जेवण वाढायला उशीर झाला म्हणून तुम्ही तिच्या मांडीवरून मांजर उचललीत आणि दाराबाहेर टाकलीत. कंगव्याचे दोन दात मोडले. अक्कानं लिहिलंय: "त्यानंतर मी दोन दिवस ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आपणहून बोलले, कारण ह्यांना ते कळलंच नव्हतं."

मला हे वाचून तुमचा फार राग आला होता, आणि अजूनही येतो. पण रागानं लिहीत नाही. आता ती बोलत नाही हे तुम्हाला कळतंय, रोज कळतंय, हे तुमच्या पहिल्या पत्रात दिसलं. म्हणून म्हणते, खरं लिहा.

चंद्रव्वा


सोलापूर
२ मार्च १९७५

चि. चंद्रव्वास आशीर्वाद.

खरं लिहितो.

डबा बरणीमागंच होता. झाकण उघडलं तर वरच माझा ब्रश. त्यात मड्डमचे केस, आणि त्या केसांत गुंतलेला गौरम्माचा एक लांब पांढरा केस. खाली कंगवा, दोन दात मोडलेला. मी झाकण लावून टाकलं. तुझं पत्र येण्याआधीच मला तो आषाढ आठवला होता. तिचं बोलणं बंद होतं हे मात्र मला तुझ्याकडूनच कळलं.

त्या डब्याला पुन्हा हात लावायची माझी छाती झाली नाही. डॉक्टरांची मुदत संपत आली होती. मला वाटलं, केस म्हणजे केस. मेंढराचे काय आणि मांजरीचे काय. कुंभारीचा ज्ञानबा धनगर बाजाराला येतो, त्याला त्याची कातर घेऊन बोलावलं. मेंढरं कातरायची ती मोठी, दोन पात्यांची. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "मालक, मेंढराचं कातडं जाड असतंय. हिचं लई पातळ हाय. माजं हे काम न्हाय." मी म्हणालो, मी धरतो, तू कातर. मी धरलं ते लिव्हर धरल्यासारखं.

उजव्या कुशीला दोन बोटं कातडी कापली गेली. ती अशी ओरडली की खाटेवर गौरम्मानं उठायची धडपड केली आणि ती खाली पडली. मी तिला उचलायला धावलो, तेवढ्यात मांजर माझा हात फाडून दारातून गेली. ज्ञानबा रक्तानं भरलेली कातर पुसत उभा होता. "मी न्हाय म्हनलो व्हतो की," एवढंच म्हणाला, आणि हात जोडून गेला. त्याची काही चूक नाही.

गौरम्माला मार लागला नाही. पण त्या दिवसापासून ती भिंतीकडे वळली ती वळलीच. घास तोंडात घातला तर तो तसाच गालात धरून ठेवायची. तुला नऊ तारखेला पत्र लिहिलं तेव्हा मड्डम जाऊन तीन दिवस झाले होते. ती सापडेल आणि मग तुला कळायचं कारण उरणार नाही, असं मला वाटत होतं.

अकरा दिवस मी तिला शोधलं. चौकात, दुकानांच्या मागं, रेल्वेच्या कुंपणापर्यंत. वाटीत दूध घेऊन "मड्डम, मड्डम" हाका मारत हिंडणारा म्हातारा लोकांनी बघितला असेल. लाज वाटली नाही. बाराव्या दिवशी मागच्या गल्लीतल्या विणकराच्या घरातून निरोप आला. त्यांच्या हातमागांच्या खोलीत सुताच्या तुकड्यांचा ढीग असतो, त्यात मड्डम बसली होती. त्या घरच्या बाई तेलुगू, मराठी मोडकं. त्यांनी जखमेला हळद लावली होती आणि दूध घालत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी धागे तोडायची लहान कात्री आणली, सुताचा एक गुंता दोन बोटांत धरला आणि मला कसा सोडवायचा ते दाखवलं. तीनदा दाखवलं. मग कात्री माझ्या हातात ठेवली, घेऊन जा म्हणून.

मड्डम घरात आहे. खाटेखाली बसते. वर चढत नाही, कारण वर जायचं तर माझ्याजवळून जावं लागतं. जखम सुकतेय. डाव्या अंगाच्या गुठळ्या तशाच आहेत. डॉक्टर मंगळवारी येऊन गेले. त्यांनी मार्च अखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं.

आता काय करू ते सांग. या वेळी तसंच करीन.

वीरभद्रप्पा


मिरज
७ मार्च १९७५

तीर्थरूप दाजी, शरणु शरणार्थी.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मागच्या पत्रात मी बोलले त्यापेक्षा कमी बोलले असते तरी चाललं असतं.

परीक्षा एप्रिलच्या शेवटाला संपतात, निकाल लागले की मी निघते. तोवर मी लांबून सांगणार आणि तुम्ही करणार.

जखम पूर्ण भरेपर्यंत मांजरीला कंगवा-ब्रश काही लावू नका. रोज दुपारी, अक्का जी वेळ पाळायची त्याच वेळी, डबा उघडून खाटेशेजारी जमिनीवर ठेवा आणि तुम्हीही जमिनीवर बसा. उभं राहू नका. दारात उभे राहिलेले तुम्ही मलासुद्धा भीतिदायक वाटता. ब्रश आणि कंगवा धुऊ नका. त्याला अक्काचा वास आहे, तो मड्डमला ओळखीचा आहे. तिला येऊ दे, हुंगू दे, जाऊ दे. तुम्ही काही करायचं नाही.

ती जवळ आली की आधी ब्रश, गालावर आणि कपाळावर. कंगवा नंतर. कात्री सगळ्यात शेवटी, आणि एका दिवसात एकच गुठळी. नेलकटर आता नकोच. तुमच्या हातावर आणखी चार ओरखडे उठले तर उठले, तेवढं तुम्ही तिचं देणं लागता.

आणि दाजी, मोडलेला कंगवा बदलू नका.

चंद्रव्वा


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
६ एप्रिल १९७५

चि. चंद्रव्वास अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं केलं. पहिले आठ दिवस मी आणि डबा, दोघंच. सोनाबाई येऊन बघून गेल्या आणि "ह्यांचं बी डोस्कं फिरलं," असं दारातच पुटपुटल्या. नवव्या दिवशी मड्डम खाटेखालून निघाली, ब्रश हुंगला आणि त्याच्यावर गाल घासून परत गेली. मी हललो नाही. चौदाव्या दिवशी मी तिच्या गालावर ब्रश फिरवला. केबिनमध्ये दोन गाड्या एका वेळी यायच्या तेव्हाही इतकं जपून हात चालवला नव्हता.

त्यानंतर ती खाटेवर चढू लागली, तेव्हा मीही खाटेवर बसून करू लागलो. मड्डम मधे, एका बाजूला गौरम्मा, एका बाजूला मी. गौरम्माचा उजवा हात उचलून मड्डमच्या पाठीवर ठेवायचो. तो तसाच पडून राहायचा. ती अजून भिंतीकडेच बघायची. पण मी कंगवा आधी माझ्या गालावर घासून बघायचो तेव्हा एकदा मान वळवून तिनं बघितलं. ते मी त्या दिवशी मनात धरून ठेवलं, कुणाला सांगितलं नाही.

रोज एक गुठळी. कंगवा आत घालून वरून कात्री, त्या विणकर बाईंची. डाव्या अंगाच्या पंधरा होत्या. गुढीपाडव्याच्या आत चौदा निघतील असा माझा हिशेब आहे. डॉक्टर एकतीस तारखेला आले, मड्डमच्या अंगावरून त्यांनी बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाले, राहू दे.

आता तुला जे सांगण्यासाठी बसलोय ते.

परवा, शुक्रवारी दुपारी, काखेतली गुठळी घेतली होती. तीच सगळ्यात घट्ट. मूळ नीट धरलं नसावं. कंगवा ओढला गेला आणि मड्डमनं अंग आकसलं.

"मेल्लग."

मी "हां" म्हणालो, मूळ नीट धरलं आणि पुन्हा कंगवा घातला. तीन-चार वेळा कंगवा फिरवला असेल. मग माझा हात थांबला.

मी वर बघितलं. गौरम्मा माझ्याकडे बघत होती. तोंड वाकडं, ओठाच्या कडेला लाळ, आणि भिवया जवळ घेतलेल्या, मी तांब्या आपटल्यावर घ्यायची तशा. किती वर्षं ती हा शब्द म्हणत आली आणि मी बघितल्याशिवाय हां म्हणत आलो, आणि त्या दिवशीसुद्धा तेच केलं. वर बघायला मला तेवढा वेळ लागला.

मी तिला म्हणालो, पुन्हा म्हण. ती म्हणाली नाही. त्या दिवशी नाही, काल नाही, आज नाही. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, फार आशा धरू नका, कधी कधी एखादा शब्द निसटतो आणि तेवढाच राहतो. तेवढाच राहिला तरी तो माझ्यापुरता पुरेल. मी तो आधी घेतलाच नव्हता.

तू येशील तेव्हा दार उघडंच असेल. माझ्याकडून ते आपटत नाही, पण वाऱ्यानं आपटतं, म्हणून बिजागरीला तेल दिलंय आणि फटीत कापडाची घडी लावली आहे. दुपारी ये. आम्ही तिघं खाटेवर असू. गुठळ्या अजून चार राहिल्यात, त्यातली एक तुझ्यासाठी ठेवतो.

वीरभद्रप्पा